रिंग जातेय, उचलत नाही

फोन लावल्यावर आपल्या कानात जी रिंग ऐकू येते ती समोरच्याच्या घरात वाजणारीच असते, असं बहुतेकांना वाटतं. तसं नसतं. समोरचा फोन वाजतो तो वेगळा आणि आपल्या कानात वाजतं ते वेगळं. आपल्याला ऐकू येणारा आवाज मधलं एक्स्चेंज काढतं, फोन लावणाऱ्याला धीर राहावा म्हणून. दोन्ही आवाज एकाच वेळी सुरू व्हावेत अशी व्यवस्था असते आणि एरवी ती पाळली जाते. सगळी हयात या धंद्यात गेलेल्या माणसाला हे पाठ असतं. मलाही होतं. तरी मी जे करायचं नाही ते केलंच. या अंकाच्या संपादकांना माझ्याकडून गमतीजमती हव्या आहेत. एकदोन आहेत, त्या आधी सांगून टाकतो. मग जे सांगायचंय ते सांगतो.

पाटोद्याला टेलिफोन खात्यात मी लाइनमन होतो. खांबावर चढायचं, तारा ओढायच्या, तुटल्या की जोडायच्या. गावात चार-दोन घरांतच फोन असत आणि त्या घरांतून आमची बडदास्त जावयासारखी असे. 'फोन बंद आहे' ही तक्रार सोपी. डोकं खाणारी तक्रार म्हणजे 'रिंग जातेय, उचलत नाहीत'. तार मध्येच तुटली की समोरचं यंत्र मुकं होतं, आणि एक्स्चेंज मात्र इकडच्या कानात बिनदिक्कत रिंग वाजवत राहतं. त्याला तुटलेली तार दिसत नाही.

एका बागायतदार पाटलांनी लेकीच्या सासरी असाच आठ दिवस फोन लावला. रोज रिंग जायची, रोज कुणी उचलायचं नाही. व्याह्यांना माज आलाय, असं पाटलांनी मनाशी ठरवून टाकलं. नवव्या दिवशी जीप काढून ते भांडायलाच निघाले, आणि वाटेत मला खांबावर चढलेला बघून थांबले. बाभळीची फांदी पडून व्याह्यांची तार तुटली होती. मी वरूनच तुटलेलं टोक हलवून दाखवलं.

"पाटील, हे बगा. व्याह्याचं काय चुकलं न्हाई. बाभळीनं घात केलाय."

पाटलांनी दोन मिनिटं त्या टोकाकडं बघितलं, मग इतके हसले की डोळ्यांत पाणी आलं. त्या दिवशी दोन्ही व्याही मला मध्ये बसवून पुरणपोळी जेवले. हा किस्सा मी पुढं कितीतरी वर्षं सांगत आलो. हल्ली सांगवत नाही, पण तो सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

मोबाईल आले, खांब निघाले, मी मुदतीआधी निवृत्ती घेतली आणि पाटोद्यात बसस्टँडच्या मागं मोबाईल दुरुस्तीचं दुकान टाकलं. लोक 'लाइनमन' म्हणायचे ते म्हणतच राहिले. काच बदलणं, चार्जिंगची पिन बदलणं ही रोजची भाकरी. त्यापलीकडं मला एक गोष्ट यायची जी तालुक्यात दुसऱ्या कुणाला येत नव्हती. फोनमध्ये कंपनीनंच दिलेलं जे साधं हिरव्या बटणाचं ॲप असतं, त्याच्यातच इंटरनेटवरून बोलायची सोय बसवून देणं. वेगळं ॲप नको, पासवर्ड नको. सेटिंगमध्ये खूप आत 'कॉलिंग अकाउंट' नावाची एक जागा असायची. तिथं खातं भरलं की नेहमीचाच नंबर, नेहमीचंच बटण, आणि कॉल सिमऐवजी इंटरनेटवरून जायचा. नव्या फोनांतून कंपन्यांनी ही जागा काढून टाकली, म्हणून मी जुने फोन जपून ठेवत असे.

यासाठी आलेलं पहिलं गिऱ्हाईक म्हणजे एक पुढारी. इंटरनेटचा कॉल सरकारलासुद्धा ऐकता येत नाही, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. मी बसवून दिला. साहेबांनी दुकानाच्या पायरीवर उभं राहून पहिला गुप्त कॉल केला, तो अशा आवाजात की कुणाचं तिकीट कापायचं ठरलंय हे स्टँडवरच्या भेळवाल्यालाही कळलं. दुसऱ्या दिवशी परत आले. "लाइनमन, कसला फोन बसवला बे? सगळ्या गावाला म्हाईत झालं!" मी म्हणालो, "साहेब, फोन ठीक हाय. आवाज जरा कमी ठिवा."

आता करंजदरा. पाटोद्यापासून तासाभराच्या अंतरावर, दोन डोंगरांच्या बेचक्यात असलेली वाडी. कुठल्याच कंपनीची रेंज खाली उतरत नाही. बोलायचं तर मागची टेकडी चढून जायचं. दसरा झाला की निम्मी वाडी ऊसतोडीला कर्नाटकात जाते ती पाडव्याच्या सुमारास परतते. मागं राहतात म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं. शाळेत छपरावरच्या डिशवरून इंटरनेट आलं आणि वाडीभर वायफाय पोचलं, तेव्हा तिथले गुरुजी माझ्याकडं आले. म्हणाले, "म्हाताऱ्यांना ते ॲप जमत नाही. एकदा अपडेट मागितलं की फोन ट्रंकेत जातो. हिरवं बटण तेवढं येतं त्यांना."

मी कामाला लागलो. दुकानात एक छोटी डबी बसवली. पूर्वी खात्याचं एक्स्चेंज खोलीभर असायचं, माझं जेवणाच्या डब्याएवढं. वाडीतल्या आणि ऊसतोडीच्या टोळीतल्या माणसांना तीन-तीन आकड्यांचे नंबर दिले. आपसांत बोलायचं तेवढंच. बाहेरच्या नंबरांना जोडणं कायद्यात बसत नाही आणि मला ते करायचंही नव्हतं. म्हाताऱ्यांच्या फोनमध्ये लेकाचा फोटो लावून दिला. फोटो दाबा, बोला. एकटा माणूस, एक डबी, आणि अख्खी वाडी आपल्या पोरांशी बोलती झाली. मला त्याचा गर्व होता. तो लपवण्यात आता अर्थ नाही.

मथुराबाई आणि किसनअप्पा त्यातलेच. एकुलता लेक रामा आणि सून, दोघं टोळीत. मथुराबाई मला भाऊ म्हणायच्या, मी त्यांना अक्का. साहजिकच रामाचा मी मामा. गेलो की चहात गूळ जास्त पडायचा. अक्कांच्या घरची एक रीत होती, आणि वाडीत बहुतेक घरांची हीच होती. फोनवर बोलायचं क्वचित, मिस कॉल द्यायचा रोज. संध्याकाळी रामाचा एक मिस कॉल आला म्हणजे सगळं ठीक. घरून रामाला सलग तीन गेले म्हणजे असशील तिथून निघ. ही रीत पैसे लागायचे त्या काळातली. इंटरनेटवर फुकट झालं तरी ती सुटली नाही. उलट उचलला तर म्हातारी रागवायची, "कावून उचललास? मी कुटं बोलाय लावला व्हता?"

पहिल्याच आठवड्यात तक्रार आली. फोटो दाबला की पाच-दहा सेकंद काहीच ऐकू यायचं नाही. डबी तेवढ्या वेळात तिकडचा फोन शोधायची, जागा करायची, तो वाजू लागला की मग इकडं रिंग द्यायची. म्हाताऱ्यांना तेवढा दम कुठला? ते लगेच ठेवून द्यायचे. अक्का गुरुजींच्या मोटारसायकलवर बसून दुकानात आल्या आणि फोन माझ्यापुढं ठेवला.

"भाऊ, ह्याच्यात जीवच न्हाई. मुकंच हाय. मला कसं कळावं, पोराकडं गेलं का न्हाई ते?"

डबीच्या फाइलमध्ये एका ओळीच्या शेवटी एक अक्षर वाढवलं की काय होतं, ते मला ठाऊक होतं. फोटो दाबला की त्याच क्षणी कानात रिंग सुरू होते. तिकडचा फोन सापडलेला असो वा नसो, वाजत असो वा झोपलेला असो. मी ते अक्षर टाकलं. बाभळीचा किस्सा लोकांना हसत-हसत सांगणाऱ्या माणसानं टाकलं. अक्कांनी फोटो दाबला, फोन कानाला लावला, आणि त्यांचा चेहरा उजळला.

"आता लगीच वाजतंय बगा! लई गुणाचा माजा भाऊ."

वाडीत माझं नाव झालं. माझ्या अख्ख्या नोकरीत मला इतके आशीर्वाद मिळाले नाहीत जितके त्या एका अक्षरानं दिले.

दोन हंगाम नीट गेले. गेल्या साली संक्रांत झाल्यावर किसनअप्पांचा दमा उठला. सकाळी श्वास घेता येईना म्हणून अक्कांनी रामाचा फोटो दाबला. दोन रिंगा ऐकल्या, ठेवला. परत दाबला. परत दाबला. तीन.

टोळीच्या कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत, वीज नसते. फोन चार्ज करायचा तर मुकादमाच्या ट्रॅक्टरवर. रामानं बॅटरी पुरावी म्हणून फोन बचतीवर टाकला होता. अशा वेळी फोनवरून कॉल लावता येतो, पण येणाऱ्या कॉलला तो जागा होत नाही, आणि नंतर त्याची नोंदही दाखवत नाही. तीनही वेळा रामाच्या खिशातला फोन झोपलेला होता. तीनही वेळा माझ्या डबीनं पाटोद्यात बसून अक्कांच्या कानात रिंग वाजवली.

त्या संध्याकाळी रामानं रोजच्यासारखा एक मिस कॉल दिला. सगळं ठीक, असा. अक्कांना वाटलं, समजलं त्याला, निघाला.

गुरुजी दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन दारात आले होते. बीडला नेऊ म्हणाले. अप्पा मानेनंच नको म्हणाले आणि अक्काही म्हणाल्या, "पोरगं निघालंय, गुरुजी. तीन डाव वाजवलाय म्या. त्येचाबी आलाय उलटा. आज यील, त्येच्यासंगं जाऊ." गुरुजींनी दोनदा विचारलं. त्यांनाही वाटलं, रामा वाटेत असेल, ट्रकमध्ये असेल, रेंज नसेल. तिसऱ्या दिवशी दुपारी अप्पा गेले. तोंड दाराकडं होतं, असं गुरुजी सांगतात. मी ते विसरायचा प्रयत्न करतो, जमत नाही.

गुरुजी टेकडी चढून गेले आणि मुकादमाच्या साध्या नंबरावर फोन लावला. रामाला बाप गेल्याचं उसाच्या फडात कळलं. बाप आजारी होता हेही त्याच वेळी कळलं.

मी सावडायच्या दिवशी गेलो. ओसरीवर भावकी बसली होती. रामा पहाटे पोचला होता, पायात फडातल्याच चपला. अक्का भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी बसलो न बसलो तोच त्या लेकाकडं बघून सगळ्यांसमोर बोलल्या.

"बापासाठी तीन डाव वाजवला. तू आला न्हाईस."

"आई, मला आलाच न्हाई गं." रामानं फोन काढून उघडला. "हे बग. ह्याच्यात कायबी न्हाई. तुज्याकून दाबला गेला नसंल नीट."

"म्या माज्या कानानं ऐकलं वाजल्यालं! तीन डाव! खोटं बोलतूस, बाप मरून पडला तरी?"

"आईशपथ आला न्हाई."

"आईची शपथ घिऊ नगंस आता."

रामा माझ्याकडं वळला. फोन माझ्यापुढं धरला. "मामा, तुमी सांगा. तुमी बसवलाय हे. वाजला व्हता का माजा फोन?"

सगळी ओसरी माझ्याकडं बघत होती. मला त्या क्षणी सगळं कळलं होतं. अक्का खरं बोलत होत्या. रामाही खरं बोलत होता. मधल्या डबीनं दोघांना फसवलं होतं आणि डबीला मी शिकवलं होतं. एवढं एक वाक्य बोलायचं होतं. बाभळीच्या किस्स्यात खांबावरून मी किती सहज बोललो होतो, कारण त्या दिवशी चूक बाभळीची होती.

मी म्हणालो, "बगावं लागंल."

रामानं फोन खिशात घातला. अक्कांनी पदर तोंडावर ओढला. मी चहा न घेता उठलो आणि ते कुणाच्या लक्षातही आलं नाही.

दुकानात येऊन पहिलं काम केलं ते अक्षर काढून टाकायचं. अर्ध्या मिनिटाचं काम. मग डबीतली नोंद वाचली. सकाळी तीन कॉल, तिन्हींना तिकडून उत्तर नाही. वाचायची गरज नव्हती. तरी वाचली, पुन्हा वाचली. उद्या जाऊन सांगू म्हणालो. उद्या दुकानात गर्दी होती. मग दहावा झाल्यावर सांगू म्हणालो, दुखवट्यात कशाला. मग तेरावा. माणूस किती शहाणी कारणं काढू शकतो ते मला या वयात कळलं. लाज वाटत होती, दुसरं काही नाही. वाडीत माझं नाव होतं ते जाईल, अक्का मला भाऊ म्हणतात ते थांबेल, एवढ्याचीच भीती होती.

तेराव्यानंतर आठ दिवसांनी गुरुजी दुकानात आले. रामा तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटेच टोळीत परत गेला होता. आईच्या पाया पडला नाही, आईनं बोलावलं नाही. संध्याकाळचा मिस कॉल बंद झाला होता. अक्का रोज दिवेलागणीला फोन मांडीवर घेऊन बसतात आणि कुणाशी बोलत नाहीत, असं गुरुजी म्हणाले. तेव्हा मी त्यांना सगळं सांगितलं. गुरुजी एवढंच म्हणाले, "मी पण ऐकलं त्यांचं. नाहीतर मी टेकडीवर त्याच दिवशी गेलो असतो."

मी गुरुजींसमोरच रामाला त्याच्या सिमच्या नंबरावर फोन लावला. त्यानं उचलला. मी अक्षर, डबी, बॅटरी, सगळं सांगत गेलो. त्याच्या मागं कोयत्यांचा आवाज येत होता.

"म्हंजी आई खरं बोलत व्हती," शेवटी तो म्हणाला.

"दोघंबी खरं बोलत व्हता, रामा."

"मामा, तुमी तितंच बसलता न्हवं? म्या तुमाला इचारलं. सगळ्यांसमोर इचारलं. तवा कावून बोलला न्हाई?"

मी फोन या कानावरून त्या कानावर नेला. "बायकोला, भावकीला, सगळ्यांला वाटलं म्या आलो न्हाई बापाला," तो म्हणाला. "आईला बी." त्यानं फोन ठेवला. मी पुन्हा लावला, उचलला नाही.

त्याच संध्याकाळी मी करंजदऱ्याला गेलो. अक्का ओसरीवर होत्या, फोन मांडीवर. मी खाली जमिनीवर बसलो आणि सांगितलं. अक्षर-फाइल सांगून काय कळणार होतं? मी म्हणालो, "अक्का, तुमाला ऐकाया आली ती रिंग खोटी व्हती. म्या टाकलती, तुमाला बरं वाटावं म्हून. रामाकडं कायबी वाजलं न्हाई. त्यो खोटं बोलला न्हाई."

अक्कांनी माझ्याकडं बघितलं. ओरडतील, शिव्या देतील, असं वाटत होतं. तसं झालं असतं तर मला सोपं गेलं असतं.

"खोटी?" त्या म्हणाल्या. "म्या तर त्यास्नी सांगितलं की पोरगं निघालंय. दोन दिस तेच सांगत बसले. त्ये वाट बघत ऱ्हायले."

मग त्यांनी फोन उचलला आणि माझ्याकडं न बघता विचारलं, "आता खरी वाजती का?"

"आता खरीच. तिकडं वाजलं तरच हितं वाजंल. थोडा दम धरावा लागंल."

त्यांनी रामाचा फोटो दाबला आणि फोन कानाला लावला. या वेळी मिस कॉल द्यायचा नव्हता, हे त्यांच्या बसण्यावरूनच कळत होतं. काही ऐकू येत नव्हतं. पूर्वी पाच सेकंदांत ठेवून देणाऱ्या बाईनं फोन तसाच धरून ठेवला. मी मनात आकडे मोजत होतो. बारापर्यंत आलो आणि त्यांचे डोळे हलले. शांत ओसरीवर मलाही ऐकू आली. बारीक, स्पष्ट रिंग.

"भाऊ, वाजतंय. त्येच्याकडंच वाजतंय ना हे?"

"त्येच्याकडंच, अक्का."

फोन जागा होता. उजेड होता, टोळीचं काम संपायची वेळ होती, फोन हातात असायची वेळ होती. स्क्रीनवर आईचं नाव दिसत असणार. रिंग जात राहिली. एक, दोन, तीन, चार. अक्का ओठ उघडून बसल्या होत्या, तो उचलेल त्या क्षणी बोलायला. आयुष्यभर मी लोकांच्या रिंगा खऱ्या व्हाव्यात म्हणून खांबांवर चढलो, आणि त्या ओसरीवर बसून मनातल्या मनात हात जोडत होतो की ही खोटी निघू दे, एवढी एक खोटी निघू दे. माझ्याच हातानं मी ती खरी केली होती. ती पूर्ण वाजली आणि आपोआप बंद झाली.

अक्कांनी फोन कानावरून काढला नाही.